वजनपेटी आणि माठ

१३ जून १९५५

शाळा सुरू झाली. प्रयोगशाळा म्हणून मला जी खोली मिळाली आहे तिच्यात कालपर्यंत लेझमी, ढोल आणि गणपतीची मखरं ठेवत होते. भिंतीला अजून बेगड चिकटलेली आहे. मुख्याध्यापक सोपानराव किल्ली देताना म्हणाले, दिवाळीच्या आधी खात्याचे साहेब तपासणीला येतील, त्यांना प्रयोगशाळा पसंत पडली तर शास्त्र विषय राहील. शास्त्र राहिलं तर सुभद्रा लेले राहील, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. सभ्य गृहस्थ आहेत.

पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना निघाल्यापासून चिंचवडातल्या प्रत्येक बापाला आपल्या मुलाने शास्त्र शिकावं असं वाटू लागलं आहे. एरवी छत्तीस वर्षांची, बिनलग्नाची, बी.एस्सी. झालेली बाई यांनी कशाला बोलावली असती? साहेबांनी नापसंत केलं तर चिपळूणला दादाकडे परत. तिथे माझ्या खोलीत आता तांदळाची पोती आहेत. वहिनी काही वाईट नाहीत, पण ती पोती हलवताना त्या जो सुस्कारा टाकतील तो मला इथेच ऐकू येतो.

घरमालकीण दुर्गाबाई भल्या आहेत. जेवायला बोलावतात आणि वाढता वाढता पन्नास प्रश्न विचारतात. आज डोकं दुखतंय असं सांगून खोलीत बसले आहे. डोकं दुखत नाही.

१८ जून

खोली झाडायला गोजाबाई म्हणून एक जण येते. पन्नाशीची असेल. राहायला गावाबाहेर, चिखलीच्या वाटेला. तिच्या वस्तीतल्या लोकांना गावातल्या विहिरीवर अजून पाणी भरू देत नाहीत. कायदे झाले, स्वराज्य झालं, आणि विहीर आहे तिथेच आहे.

आज दुपारी पाहिलं, शाळेचा शिपाई ज्योतीराम तिला पाणी देत होता. ती पायरीखाली ओंजळ धरून वाकलेली, आणि हा वरून तांब्याने धार सोडतोय. निम्मं पाणी तिच्या कोपरांवरून मातीत गेलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिला आत बोलावलं, माझ्या भांड्यात पाणी दिलं आणि सांगितलं, उद्यापासून प्रयोगशाळेतला माठ तू भरायचास. तुझ्या वस्तीवरच्या झऱ्याचं पाणी आण, मी तेच पिणार. ज्योतीराम तोंड फिरवून निघून गेला. गेला तर गेला. वडिलांच्या घरात मी या गोष्टींवरून चार दिवस अन्न सोडलं होतं, तर हा ज्योतीराम कोण लागून गेला.

२ जुलै

आज आठवीला मोजमापाचा पहिला धडा दिला. टेबलाची लांबी प्रत्येकाने आपापल्या वितेने मोजायची. उत्तरं अर्थातच सगळी वेगळी. मग घागरीतलं पाणी ओंजळीने मोजायला लावलं. तिथे तर नुसता गोंधळ आणि सगळे ओलेचिंब. ओंजळ हे माप नव्हे, म्हणून मोजपात्र लागतं, हे फळ्यावर लिहून दिलं. मुलं खूश होती, पण माझ्या शास्त्रापेक्षा ओलं होण्यावर जास्त.

शाळा सुटल्यावर गोजाबाई जमीन पुसता पुसता म्हणाली की तिची सासू ओंजळीनेच दाणे मोजायची आणि कधी कुणाला कमी दिलं नाही. मी म्हटलं, तुझ्या सासूची ओंजळ चांगली होती, पण पुस्तकात घालता येत नाही. ती खूप हसली. मी पण हसले. महिन्याभरात पहिल्यांदाच, असं लिहिताना लक्षात आलं.

२१ जुलै

पाऊस थांबायचं नाव नाही. वजनपेटी आली, पुण्याहून, लाकडी, आत निळं मखमल. पितळेची वजनं ओळीने बसलेली आणि त्यांच्याबरोबर एक बारका चिमटा. वजनांना बोट लावायचं नाही, चिमट्यानेच उचलायचं, हे मुलांकडून पाठच करून घेतलं. बोटांचा घाम आणि तेलकटपणा लागला की वजन बदलतं. भिंतीवर इतरही नियम लावले. केस बांधलेले हवेत. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीही नाही. वास दुरून, हाताने वारा घेऊन घ्यायचा. इथे काही खायचं-प्यायचं नाही.

शेवटचा नियम मी स्वतः रोज चार वाजता मोडते. स्पिरिटच्या दिव्यावर चहा करते, त्यासाठी एक चंचुपात्र वेगळं ठेवलं आहे. एक पेला माझा, एक गोजाबाईचा. ती दाराशी बसते, मी टेबलाशी. ती वस्तीतलं सांगते, मी ऐकते. मग मी काही सांगते. काय सांगते ते आठवत नाही, पण सांगते खरी.

११ ऑगस्ट

आज जीव वर आला होता. कुणा पोराने टेबलावर तीव्र गंधकाम्लाचे थेंब सांडून ठेवले आणि गोजाबाईने पाणी समजून ते हाताने पुसले. ओरडली नाही, फक्त श्वास आत ओढला. मी तिचा हात धरला आणि माठातलं सगळं पाणी तांब्यातांब्याने त्यावर ओतत राहिले. मग खाण्याचा सोडा लावला. हात सोडवून घ्यायला बघत होती. "बाई, कुनी बघंल," म्हणाली. या वयाच्या बायकांना कुणी काही केलेलं सोसत नाही. मी सोडला नाही.

दोन बोटं चांगलीच भाजली आहेत. सांगून ठेवलं, इथल्या कशालाही मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. मान हलवली. जाताना माठ रिकामा झाला म्हणून हळहळत होती.

४ सप्टेंबर

दादाचं पत्र आलं नाही. रविवार होता. दुपारभर खिडकीशी बसून देवळाकडे जाणारी माणसं पाहिली. या गावात मला नावाने हाक मारणारं कुणी नाही. सगळ्यांची मी 'बाई'. सोमवार कधी येतो असं झालं आहे, आणि सोमवारीही मी वाट बघते ती चार वाजण्याची.

१९ सप्टेंबर

माझी मलाच शरम वाटली. नववीचा तास संपत आला, काटा स्थिर होईना, घंटा झाली, आणि घाईघाईत मी पन्नास ग्रॅमचं वजन चक्क बोटांनी उचललं. मुलं फिदीफिदी हसली. वजन तसंच पेटीत ठेवून पुढच्या तासाला पळाले. दाराशी गोजाबाई केरसुणी घेऊन उभी होती. तीही हसत होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

१४ ऑक्टोबर

खात्याचं पत्र आलं. तपासणी दिवाळीच्या आधल्या आठवड्यात. आता फक्त हाच विषय. थेरगावच्या चांदभाई मिस्त्रींनी लोखंडी तिवया करून दिल्या, वाळूच्या बादल्यांना लाल रंग दिला. गोजाबाईला मी म्हटलं, साहेब नापसंत करून गेले तर मी गावाला जाईन. ती झाडायची थांबली. म्हणाली, "आसं कसं जाताल? मी हाय न्हवं." जसं काही साहेब तिलाच विचारून ठरवणार आहेत.

दसऱ्याला मला सोनं द्यायला घरी येणार म्हणते. दुर्गाबाईंच्या दारात नको, मागच्या बाजूने येते म्हणाली. मी म्हटलं, पुढच्या दारानेच ये.

२४ ऑक्टोबर

उद्या खंडेनवमी. सोपानरावांनी ठरवलं की शाळेतली सगळी हत्यारं पूजेला मांडायची, सुतारकामाच्या करवतीपासून माझ्या तराजूपर्यंत. मी होकार दिला. पूजेने तराजू बिघडत नाही.

तराजू नाही बिघडला. दुपारी प्रयोगशाळेत आले तर टेबलावर फडकं पसरलेलं आणि त्यावर वजनपेटीतली सगळी वजनं लखलखत मांडलेली. शेजारी चिंचेचा कोळ आणि चुलीतली राख. गोजाबाईने सकाळपासून एकेक वजन चिंचेने आणि राखेने घासलं होतं. तिच्या त्या दोन बोटांची कातडी अजून कोवळी आहे, तरी. "बगा बाई," म्हणाली, "सोन्यावानी झाली. सायेब खूश व्हतील."

 पितळ घासलं म्हणजे झिजलं. वरचा लेप गेला. आणि चिंचेचा आंबटपणा राहिला तर उद्यापर्यंत हिरवं चढेल. पण मी एक शब्द वाकडा बोलले नाही, याचं मला बरं वाटतं. तिला कळत नव्हतं, तिचा दोष काय. मी घमेलं घेतलं, ऊर्ध्वपातित पाणी ओतलं, चिमट्याने एकेक वजन उचलून धुतलं, मग स्पिरिटने पुसलं, स्वच्छ कापडावर ठेवलं. टेबल पुसून काढलं. शेवटी सवयीप्रमाणे साबणाने माझे हात धुतले. ती सगळा वेळ दाराशी उभी होती. ज्योतीराम पूजेचं ताट घेऊन व्हरांड्यात आला होता, तोही बघत होता.

तिने एकदाच विचारलं, "माजा हात लागला म्हून धुताय व्हय, बाई?"

मी म्हटलं, "हो, म्हणून तर. हात लागला की वजन बिघडतं."

"व्हय," म्हणाली आणि चिंचेची वाटी उचलून गेली. चहाला थांबली नाही. मला तरी कुठे चहा सुचत होता.

संध्याकाळी दोन्ही पारड्यांत वजनं घालून पाहिलं. वीसचं एक आणि दहा-दहाची दोन यांचं आता जुळत नाही. तपासणीला पंधरवडा राहिला आहे.

२६ ऑक्टोबर

दसरा. सकाळपासून पुढचं दार उघडं ठेवलं होतं. दुर्गाबाईंकडे सगळं गाव आपट्याची पानं घेऊन येऊन गेलं. माझ्याकडे दोन विद्यार्थी आले आणि पळाले. गोजाबाई आली नाही. वजनं बिघडली म्हणून तोंड दाखवायला लाजत असेल. मी रागावले नव्हते हे तिला सांगायला हवं. चार पुऱ्या तिच्यासाठी झाकून ठेवल्या होत्या, त्या संध्याकाळी मीच खाल्ल्या.

२८ ऑक्टोबर

गोजाबाई आली. झाडलं. टेबलापासून हातभर लांबूनच केरसुणी फिरवली आणि निघाली. माठ रिकामा. मी म्हटलं, अगं, पाणी? ती म्हणाली, "ज्योतीरामाला सांगा, बाई. त्यो भरंल." मी चहा ठेवते म्हटलं तर आज उपास आहे म्हणाली. शुक्रवार आहे, असेल उपास.

माणसाने एखादी चूक किती मनावर घ्यावी? मी तिला सांगितलंसुद्धा की झालं गेलं गंगेला मिळालं, मी सगळं स्वच्छ धुतलंय, आता काळजी नाही. ती केरसुणी कोपऱ्यात ठेवायला वळली. मग म्हणाली, "धुतलं ते बगितलंय की."

३ नोव्हेंबर

पुण्याला जाऊन आले, माझ्या जुन्या कॉलेजात. तिथल्या प्रमाण वजनांशी आपली सगळी वजनं ताडून पाहिली. प्रत्येक किती हलकं झालं आहे ते टिपलं आणि चिठ्ठी पेटीच्या झाकणात आतून डकवली. वापरताना तेवढी दुरुस्ती करायची की झालं. नवी पेटी मागवायला वेळही नाही आणि सोपानरावांना सांगायची सोयही नाही. सांगितलं तर गोजाबाईला काढतील. तिच्यासाठी एवढं केलं हे तिला माहीतसुद्धा नाही. सांगायचं म्हटलं तर ती थांबते कुठे? मी वर्गात असेन तेव्हा येते आणि झाडून जाते. उपास अजून चालूच आहे वाटतं.

चार वाजता एकटीने चहा घेतला. दुसरा पेला सवयीने काढला होता, तो पुन्हा फळीवर ठेवला. एकटेपण चिपळूणलाही होतं, पण तिथे ते कुणी आणून दिलं नव्हतं, ते घरातच होतं. इथे मध्ये काही दिवस ते नव्हतं, म्हणून आता जास्त जाणवतं.

८ नोव्हेंबर

तपासणी झाली. साहेब उंच, दम्याचे, बोलायला तुटक. वाळूच्या बादल्या बघितल्या, नियमांचा फलक वाचला, आम्लाच्या बाटल्यांवरची नावं वाचली. मग वजनपेटी उघडली. चकचकीत वजनं बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. झाकणातली चिठ्ठी वाचली. खिशातून स्वतःचं एक वजन काढून त्यांनी आमच्या वजनाशी ताडलं आणि चिठ्ठीशी पडताळलं. जुळलं. म्हणाले, "वजन खोटं असलं तरी चालतं, बाई. किती खोटं आहे ते ठाऊक पाहिजे. बहुतेक शाळांना ते ठाऊक नसतं." आणि तिथेच पसंतीचा शेरा लिहिला.

मी राहणार. शास्त्र राहणार. सोपानरावांनी माझं अभिनंदन केलं, मुलं ओरडली. सगळे पांगल्यावर मी प्रयोगशाळेत येऊन बसले. हे कुणाला तरी सांगायचं होतं. ज्योतीरामने भरलेल्या माठातलं पाणी प्यायले. दादाला पत्र लिहायला घेतलं, पण दोन ओळींपुढे गेलं नाही.

९ नोव्हेंबर

दुर्गाबाईंनी पेढे आणून दिले, पाठीवरून हात फिरवला. आणि म्हणाल्या, "आम्हांला वाटलं होतं, तुम्ही त्या लोकांच्या हातचं पाणी पिणाऱ्या. पण त्या गोजीचा हात लागला तशी सगळी भांडीकुंडी धुऊन घेतलीत म्हणे, हातसुद्धा साबणाने धुतलेत. ज्योतीराम सांगत होता. बरं केलंत हो. किती शिकलं तरी माणूस आपल्या घरचं वळण विसरत नाही."

 त्या गेल्या. मग दार लावलं.

त्या दिवशी गोजाबाई दाराशी उभी होती. मी एकेक वजन धूत होते. हात धूत होते. तिने विचारलं होतं, आणि मी हो म्हटलं होतं.

सोळा दिवस झाले त्याला. एवढे दिवस मी तिला भित्री समजत होते, रुसकी समजत होते, आणि स्वतःला उदार.

१० नोव्हेंबर

शाळा सुटल्यावर चिखलीच्या वाटेने गेले. वस्तीत या आधी मी कधी पाऊल टाकलं नव्हतं, हेही आजच लक्षात आलं. पोरं मागून आली. गोजाबाई दारात शेण्या रचत होती. मला पाहून उठली, हात लुगड्याला पुसले, पण बसा म्हणाली नाही.

वाटेत सगळं जुळवून आणलं होतं. म्हटलं, "गोजाबाई, तुम्ही चुकीचं समजलात. ती वजनं तशीच असतात. त्यांना कुणीच हात लावायचा नसतो. माझाही हात चालत नाही. म्हणून तर चिमटा असतो." मी तिला कधीच 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. आज तोंडातून गेलं आणि ते दोघींनाही ऐकू आलं.

तिने माझं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. रागावलेली नव्हती. मग हळूच म्हणाली, "तुमचाबी हात लागला व्हता की, बाई. बोटानं उचललं व्हतं तुमी, पोरं हसली तवा. मी दारातच व्हते." वाकून एक शेणी उचलली. "तवा न्हाई धुतलं."

मला म्हणायचं होतं की त्या दिवशी घंटा झाली होती, घाई होती. म्हणायचं होतं की चिंच लागली होती म्हणून धुतलं, हात लागला म्हणून नाही. हे खरं आहे. पण तिने विचारलं तेव्हा मी चिंचेचं नाव घेतलं नव्हतं, हात म्हटलं होतं. आणि सप्टेंबरातलं ते पन्नासचं वजन, शाळा सुटल्यावर वेळ होता तेव्हा, मी पुन्हा काढून पुसलं का नाही? मला सुचलंच नाही. माझा हात लागला आहे असं मला वाटलंच नाही. परतताना सगळ्या वाटेने मी याचाच विचार केला.

तिथे उभं राहून घशाला कोरड पडली होती. म्हटलं, "मला पाणी द्याल?"

ती आत गेली. पुष्कळ वेळाने पितळेचा तांब्या घेऊन बाहेर आली, घासूनपुसून लखलखीत. मी हात पुढे केला, पण तिने तांब्या दिला नाही.

"वंजळ करा, बाई," ती म्हणाली.

मी वाकले आणि ओंजळ केली. तिने वरून धार सोडली. तिची ती दोन बोटं तांब्याच्या गळ्याशी होती, अजून गुलाबी. पाणी ओंजळीत राहिलं त्याहून जास्त कोपरांवरून पायांवर गेलं. मी पीत राहिले, आणि ती ओतत राहिली, तांब्या रिकामा होईपर्यंत. किती प्यायले ते मला सांगता येणार नाही.

घरी आले तेव्हा पोलक्याच्या बाह्या ओल्या होत्या. पोलकं बदललं नाही. ती उद्या येणार का, ते मी विचारलं नाही.